बेतण्याचे कागद

४ जानेवारी

प्रिय भिंगरी,

कायद्याची परीक्षा पास झालीस त्याचं कौतुक पुढच्या पत्रात करीन. आज माझं डोकं ठिकाणावर नाही. आज एवढंच सांग, माझीच वस्तू मी दुसऱ्याच्या दुकानातून उचलून आणली तर ती चोरी होते का?

झालं असं. थोरल्या मालकांना जाऊन अजून वर्ष झालं नाही, तोच त्यांच्या जावईबापूंनी परवा मला बोलावून सांगितलं, उद्यापासून यायची गरज नाही. एकतीस वर्षं त्या शिवणाच्या दुकानात मी कात्री चालवली. हे म्हणाले, आता तयार कपड्यांचा जमाना आहे, आपण नवे कटिंग मास्तर आणलेत, तुम्ही घरी आराम करा. आराम म्हणे! मी म्हटलं, बरं बाबा, दुकान तुझं, मी माझे कागद घेते आणि चालू लागते. तर हा माणूस कपाटाला पाठ लावून उभा राहिला. म्हणाला, कागद दुकानाचे.

तू लहानपणी ते कपाट पाहिलं आहेस. कापड कापण्याआधी माप कागदावर बेतून घेतात, ते कागद. साध्या अंगाचे कागद मी कधी जपून ठेवलेच नाहीत, ते कुठेही मिळतात. हे आहेत ते बाजारातला कुठलाच कपडा अंगाला बसत नाही अशा बायकांचे. कुणाच्या पाठीला पोक. टपालातल्या बाईंचा उजवा हात लहानपणच्या दुखण्याने वाळलेला. शाळेतल्या बाईंची ऑपरेशनमध्ये छातीची एक बाजू काढून टाकलेली. एकेकीला समोर उभं करून, तिचं रडणं आणि शिव्या ऐकून, तीनतीनदा फाडून मी ते कागद बेतले. कोपऱ्यात पेन्सिलीने नाव. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्याकडे. थोरल्या मालकांनीसुद्धा कधी आत डोकावून पाहिलं नाही.

काल दुकानावरून गेले. कुलूप तोडलं आहे. सगळे कागद दर्शनी भिंतीवर खिळे ठोकून टांगलेत, नावांसकट. वर पाटी लावली आहे, 'आमची कारागिरी'. गिऱ्हाइकाबरोबर आलेले दोन पुरुष एक कागद बोटाने दाखवून हसत होते.

मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे राहून गेली आहे. रविवारी दुकान बंद असतं. मी एक लांब पिशवी शिवून ठेवली आहे. तुझ्या कायद्याचं यावर काय म्हणणं आहे ते रविवारच्या आत कळव.

तुझी मावशी


८ जानेवारी

प्रिय मावशी,

पिशवी उसव. हे पत्र वाचलंस की आधी पिशवी उसव आणि मग पुढे वाच.

कागद तुझे असले तरी बंद दुकानात किल्ली लावून शिरलीस की गुन्हा तुझा होतो आणि जावईबापू बिचारे होऊन बसतात. त्यांना नेमकं तेच हवं असेल. दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवणाऱ्याविरुद्ध कायदा आहे, चांगला दणकट आहे, फक्त पायरी पायरीने चढावं लागतं. आधी लेखी मागणी करायची. त्याने लेखी नकार द्यायचा. नकार आला की त्याचा ताबा बेकायदा, मग कोर्टात जायचं. मी ज्यांच्या ऑफिसात काम शिकते त्या वकीलसाहेबांचे एक मित्र तुझ्याच गावात वकिली करतात, ते तुझं काम घेतील. मला अजून सनद मिळालेली नाही, त्यामुळे मी फक्त कागद रंगवणार.

मागणीचं पत्र सोबत टाइप करून पाठवते आहे. त्यात एक शब्दही वाढवू नकोस. मला तू माहीत आहेस.

आणि दोन प्रश्नांची खरी उत्तरं दे. तुला पगार होता की नगावर काम होतं? आणि कागद बेतायला कागद कुणाचा होता? पगारी माणसाने कामाच्या वेळात मालकाच्या सामानातून केलेली वस्तू मालकाचीच, असं ते म्हणणार.

तुझी भिंगरी


२१ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पिशवी उसवली नाही, उशीला अभ्रा केला. आता खोटं कशाला बोलू, रविवारी तुझं पत्र खिशात असूनही मी मागच्या दारापर्यंत गेले होते. किल्ली कुलपात घातली. मग वाटलं, आपल्याच कागदांसाठी आपण चोरासारखं दबकत का जायचं? दिवसाढवळ्या पुढच्या दाराने आणीन तर आणीन. सोमवारी सकाळी किल्ली जावईबापूंच्या टेबलावर आपटली, तुझं पत्र दिलं आणि पोच मागून घेतली.

तुझ्या पत्रात शब्द वाढवला नाही. तोंडाने काय बोलले ते तू विचारलेलं नाहीस.

नकार आला आहे, सोबत जोडला आहे. वाच आणि कपाळाला हात लाव. लिहितात, सर्व कागद आमच्या कटिंग मास्तरांनी दुकानात बेतलेले आहेत. जे मास्तर नोव्हेंबरात आले त्यांनी म्हणे माझे तीस वर्षांचे कागद बेतले!

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. पगार एक दिवसही घेतला नाही, सगळं काम नगावर. थोरल्या मालकांनी पगार देऊ केला होता, मीच नको म्हटलं, कुणाच्या घंटेवर उठबस करायला मला आवडत नाही. आणि कागद तुझ्या काकांचे. ते छापखान्यात होते, बिघडलेले जाड तक्ते घरी आणायचे. बेतणं सगळं घरीच, जेवायच्या टेबलावर. एका कुटुंबाने उभ्याने जेवून किती वर्षं काढली ते कोर्टाला सांगायचं असेल तर सांग.

आता गंमत ऐक. मास्तर त्या कागदांवरून कपडे कापतात आणि सगळे घट्ट होतात. मी माया कागदात धरत नाही, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड. ती मी कापडावर खडूने सोडते, कारण प्रत्येक कापडाला वेगळी लागते, सैल विणीच्या कापडाला जास्त, कडक कापडाला कमी. मास्तर कागदाच्या कडेकडेने कापतात. दोन बाजूंच्या चार कडा, प्रत्येकीला अर्धा इंच शिवणीत जातो, म्हणजे छातीत सरळ दोन इंच गायब. चूक कळायला पाहिजे ना? पण जावईबापू गिऱ्हाइकाला शांतपणे सांगतात, बाई, तुम्ही सुटलात.

मी पोट धरून हसले.

तुझी मावशी


२७ जानेवारी

प्रिय मावशी,

हसणं पुरे, तू सोन्याची खाण सापडल्यासारखी बातमी दिली आहेस आणि तुला पत्ताच नाही. ज्याने कागद बेतले त्याला माया कुठे धरली आहे हे माहीत नसेल असं होईल का? मास्तर कोर्टात उभे राहतील, आपण त्यांना एक बाही कापायला सांगू, आणि खेळ खलास. साहेब वाचून खुर्चीतून उठले.

पण यासाठी एकच गोष्ट कर. तोंड बंद ठेव. मायेबद्दल कुणाला अवाक्षर सांगू नकोस, सुनावणीपर्यंत मूग गिळून बस. एकदा का मास्तरांच्या कानावर गेलं की ते शहाणे होतील आणि आपल्या हातात काही उरणार नाही.

दावा दाखल होतोय. त्याला यादी जोडावी लागते, प्रत्येक वस्तूची ओळख पटेल असं वर्णन. कुणाचा कागद, कसं अंग, काय खूण. लवकर पाठव.

तुझी भिंगरी


१५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

यादी पाठवते आहे. त्यात मापं आहेत, मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात तिथला, उतार आहे, कुठल्या कागदाच्या पाठीवर कुठला तक्ता छापला आहे ते आहे. नावं नाहीत. कुणाला काय झालं आहे तेही नाही. तुझ्या वकिलांनी मला दोनदा बजावलं की वर्णन अपुरं पडेल. पडू दे. एका भिंतीवरून काढून मी त्या बायकांना कोर्टाच्या फाइलीत टांगणार नाही.

दुसरं म्हणजे, मी तोंड उघडलं आहे. आता काय चिडायचं ते चीड.

शाळेतल्या बाई गेल्या आठवड्यात रस्त्यात भेटल्या. चेहरा एवढासा झालेला. दुकानात नवा ब्लाउज शिवला, तो घट्ट झाला, तुम्ही सुटलात असं ऐकून आल्या आणि तेव्हापासून एक वेळ जेवतात. सूज असेल का, दुखणं परत आलं असेल का, या भीतीने रात्रभर झोप नाही. डॉक्टरकडे जायचीही छाती होत नाही म्हणाल्या. आणि मी तुझ्या मुगाची गुळणी धरून उभी राहू? तिथेच, फूटपाथवर, त्यांना मायेचं सगळं सांगितलं. बाई भिंतीला टेकून आधी रडल्या आणि मग अशा भडकल्या की मीच घाबरले. त्या तडक दुकानात गेल्या आणि सगळ्यांसमोर मास्तरांना शिवण शिकवून आल्या. तेव्हा मास्तर आता शहाणे झालेत.

मला याचा पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन.

तुझी मावशी


२३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

चिडले आहे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन, असं म्हणायला तुला बरं वाटत असेल, पण हातातला एकमेव पुरावा तू फूटपाथवर वाटून मोकळी झालीस. यादी अपुरी, पुरावा गेला, समोर पैसेवाला माणूस. साहेबांनी हात टेकलेत.

आता नीट ऐक. त्यांच्या वकिलाकडून निरोप आला आहे. कागदांची किंमत द्यायला जावईबापू तयार आहेत, आणि रक्कम कमी नाही. कायदाही बहुतेक वेळा हेच करतो, वस्तू नाही तर वस्तूची किंमत. तू बासष्ट वर्षांची आहेस. तुझ्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं काम राहिलं आहे ते होईल. कागद तू पुन्हाही बेतू शकतेस, हात तर तुझे तुझ्याकडेच आहेत.

घे, मावशी. हट्ट सोड. मी तुझ्या भल्याचं सांगते आहे.

भिंगरी


२ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मोतीबिंदू आहे म्हणून नाही.

किंमत घेतली म्हणजे विकलं. मी विकायला काढलेलंच नाही, तर त्याला विकत घ्यायचा हक्क कुणी दिला? तो माझी वस्तू उचलणार, भिंतीवर मारणार, आणि मी विचारलं की खिशात हात घालणार. म्हणजे ज्याच्या खिशात आहे त्याने काहीही उचलावं. हा कायदा असेल तर तुझी परीक्षा तू परत दे, नापास हो, मी शाबासकी देईन.

आणि पुन्हा बेतू म्हणतेस. शाळेतल्या बाईंना पुन्हा आरशासमोर उघडं उभं करू? एकदा त्यांनी ते सोसलं. ते सोसणं त्या कागदात आहे.

एक गोष्ट तुला सांगणार नव्हते. मरेपर्यंत सांगणार नव्हते, तुझ्या आईला तसा शब्द दिला होता. पण तू मला किंमत घ्यायला सांगितलंस म्हणून सांगते. त्या भिंतीवर खिडकीकडून तिसऱ्या खिळ्यावर जो कागद आहे त्याच्या कोपऱ्यात 'भिंगरी' लिहिलं आहे. तू नऊ वर्षांची असताना तुझ्या पाठीच्या कण्याला बाक आला. डॉक्टर म्हणाले वाढणार नाही, पण डावा खांदा खाली राहील. तेव्हापासून तुझे सगळे कपडे मी बेतले, डाव्या खांद्यात कापूस भरून. शाळेत कुणाला कळलं नाही. तुलाही नाही.

आता त्याची काय किंमत घेऊ ते तुझ्या साहेबांना विचारून कळव.

मावशी


४ एप्रिल

प्रिय मावशी,

महिनाभर लिहिलं नाही. चार पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्या दोन पत्रांत मी तुझ्यावर आणि आईवर संतापले होते, तिसऱ्यात नुसतीच रडले होते, चौथ्यात काय होतं ते आठवत नाही.

मला वाटायचं, सगळ्यांच्याच कपड्यात डावीकडे कापूस असतो. खरंच. इथे आल्यावर बाजारातले कोट घेतले, ते डाव्या बाजूने सारखे घसरायचे, आणि मी दुकानदारांशी भांडायचे की शिवण वाकडी आहे. एकाकडून तर कोट बदलूनही घेतला. परवा आरशासमोर बाही काढून उभी राहिले आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. मग त्या दोन हसणाऱ्या पुरुषांची आठवण झाली. ते कुठल्या कागदाकडे बोट करून हसत होते, मावशी? नको, सांगू नकोस.

रागावले आहे अजून. पण तो राग तुझा माझा आहे, तो आपण भेटल्यावर पाहू.

किंमत नको असं त्यांच्या वकिलाला मी साहेबांना न विचारताच कळवून टाकलं. साहेबांनी बोलणी खाऊ घातली, ती खाल्ली. आता मीही हट्टाला पेटले आहे. तिसरा खिळा रिकामा झाल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

आणि एक सुचलं आहे. मास्तर आता शहाणे झाले, पण त्यांनी शहाणे होण्याआधी कापलेले कपडे तर शिवून झालेत ना? ते कुणाच्या तरी कपाटात असतील, बिलासकट. दुकानाचा शिक्का आणि तारीख असेल. शाळेतल्या बाईंना विचार. फक्त विचार. नाही म्हणाल्या तर एका शब्दाने गळ घालायची नाही, दुसरं काहीतरी शोधू.

तुझी भिंगरी


१९ जून

प्रिय भिंगरी,

काल सुनावणी झाली. तुला इथे येता आलं नाही याची मला चुटपुट लागली, म्हणून सगळं सांगते.

शाळेतल्या बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी विचार करायला आठ दिवस मागितले. मग एके दिवशी दारात उभ्या, हातात ब्लाउज आणि बिल. म्हणाल्या, मी स्वतः येते, दुसऱ्याच्या हाती पाठवणार नाही.

कोर्टात जावईबापू नवा कोट घालून आले होते, तो बगलेत ओढत होता. मास्तर आधी उभे राहिले. छातीवर हात ठेवून म्हणाले, सगळे कागद माझे, मी बेतले, माया मी कापडावरच सोडतो, कागदात नाही. पढवून आणलेलं धडाधड बोलून टाकलं. आपले वकील म्हणाले, असं का, आणि जानेवारीतला ब्लाउज त्यांच्यासमोर कागदावर पसरला. बाजूला बिल. मास्तरांनी टेप लावली. मग पुन्हा लावली, दोन्ही वेळा छातीत दोन इंच कमी. मग कपाळाचा घाम पुसला.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही बेतलेला कागद तुम्हालाच वाचता आला नाही?"

मास्तर जावईबापूंकडे पाहायला लागले, जावईबापू छताकडे. त्यांचे वकील उठून म्हणाले, कागद कुणाचे का असेनात, आम्ही किंमत द्यायला तयार आहोत, शिवाय यादीत नावंच नाहीत, मग कशाची ओळख पटणार? तेव्हा शाळेतल्या बाई मागच्या बाकावरून उठल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. उभ्या राहून म्हणाल्या, "हा कागद माझ्या अंगाचा आहे. याची किंमत मला न विचारता कोण ठरवतंय?"

न्यायाधीशबाईंनी त्यांना बसा म्हटलं, आदराने म्हटलं. मग मला विचारलं, यादीत नावं का नाहीत? मी म्हटलं, साहेब, नावं माझी नाहीत, कागद माझे आहेत. त्यांनी ते लिहून घेतलं.

निकाल पंधरा दिवसांनी आहे. जिंकू की हरू, माहीत नाही. मी घरी येऊन दुपारी चार तास झोपले.

तुझी मावशी


८ जुलै

प्रिय मावशी,

निकालाची प्रत आली. ऑफिसात मोठ्याने वाचली, साहेबांनी दारातून ऐकली आणि माझ्या टेबलावर चहा ठेवून गेले.

यात एक ओळ आहे ती तुला मुद्दाम सांगते. सहसा कोर्ट म्हणतं, वस्तू द्या नाहीतर किंमत द्या. इथे लिहिलं आहे की या वस्तूंचं नुकसान पैशाने भरून निघणारं नाही, म्हणून वस्तूच परत करायच्या, किंमत देऊन सुटका नाही. यादीतली मापं ओळखीला पुरेशी आहेत, असंही लिहिलं आहे. आणि नावं का नाहीत याचं तुझं उत्तर जसंच्या तसं आहे. तू आता कायद्याच्या कागदात आहेस, वकिलीणबाई.

कागद परत आले की काय करणार? पुन्हा कपाट करणार का?

माझी सनद पुढच्या महिन्यात हातात येईल. पहिल्यांदा कोर्टात उभी राहायला काळा कोट लागेल, तो तूच शीव. पण या वेळी कापूस घालू नकोस. मी बराच विचार करून लिहिते आहे. भीती वाटते आहे, ती वाटू दे.

तुझी भिंगरी


२५ जुलै

प्रिय भिंगरी,

कोर्टाचा बेलीफ घेऊन पुढच्या दाराने गेले, सकाळी अकराला. जावईबापूंनी स्वतः खिळे उपटावेत असा मी आग्रह धरला. बेलीफ म्हणाला, हुकमात तसं लिहिलेलं नाही. मी म्हटलं, वाट पाहते. शेवटी जावईबापूंनी उपटले. भिंतीला भोकं पडली आहेत, ती त्यांची त्यांनी बुजवावीत.

कपाट करणार नाही. घरोघरी गेले आणि जिचा तिला दिला. तू म्हणशील, मग भांडलो कशाला? अगं, माझे आहेत हे ठरल्याशिवाय मला ते देता कसे आले असते? टपालातल्या बाईंनी त्यांचा कागद घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत टराटरा फाडला. मला दोन दिवस वाईट वाटलं. तीन रात्री बसून बेतला होता गं. पण त्यांचा त्यांनी फाडला, बोलायची सोय नाही. शाळेतल्या बाईंनी घडी उलगडून बराच वेळ पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाल्या, तुमच्याकडेच असू दे, पण आता मी सांगते आहे म्हणून. त्या पुन्हा दोन वेळा जेवतात.

तुझा माझ्यासमोर टेबलावर पडला आहे. नऊ वर्षांच्या पोरीचं माप आणि त्यावर दर वर्षी वाढवलेल्या रेघा. आता तो तुझा. पण कोट त्याच्यावरून कापणार नाही, नव्याने बेतते. मापं घ्यायला ये, पत्रातून मापं घेता येत नाहीत. तुझा राग राहिला आहे म्हणालीस, तोही घेऊन ये, भांडून घेऊ.

कापूस घालणार नाही. डावा खांदा पाऊण इंच खाली आहे, तो खालीच राहील, आणि कोट त्याच्यावर असा बसवीन की तुला मान वाकडी करून चालावं लागणार नाही. कोर्टात कुणी बघेल. विचारायचा आगाऊपणाही करेल एखादा. तर सरळ त्याच्याकडे बघून सांग, माझा आहे.

मावशी